दहा बोटं आणि एक खिळा

आमच्या सॉ मिलमध्ये सकाळी मोटर चालू करायच्या आधी सगळ्यांना हात वर करावे लागत. चोर पोलिसांसमोर करतात ना, तसे. तळवे पुढे, बोटं फाकलेली. दादूस बेंचच्या टोकाला उभा राहायचा, एकेकाच्या हातांकडे बघत जायचा आणि ओरडायचा, "दहा हायत?" सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "दहा हायत!" मग तो स्वतःचे हात वर करून आम्हाला दाखवायचा आणि तेव्हा कुठे पट्टा फिरायचा. संध्याकाळी मोटर बंद झाली की परत हेच. बिहारहून आलेल्या कामगारांना मराठीतला पहिला शब्द कुठला आला असेल, तर तो 'दहा'.

मी काही बेंचवर कामाला नव्हते. मी भुसेवाली. पात्याखालच्या खड्ड्यात भुसा पडतो, तो शेडच्या मागच्या अंगाने फावड्याने ओढायचा, गोणीत भरायचा आणि बर्फाच्या कारखान्याला, नाहीतर कोंबडीवाल्यांना विकायचा, हा माझा धंदा. तरी मलाही हात दाखवावे लागत. एकदा मी कुरकुरले, "मना कशाला रे दादूस? मी काय करवतीला हात लावतंय?"

"तुज्या बोटांनी घरात भाकऱ्या होतान ना? दाखव."

दाखवले.

कळंबोलीहून ट्रकची बॉडी बांधणारे सेठ लोक जाड लाकूड कापून घ्यायला यायचे. एकाच्या दोन्ही हातांत ग्रहांच्या अंगठ्या. दादूस म्हणाला, "अंगठ्या उतरव, नायतर फाटकाच्या भायेर जाऊन उभा र्‍हा." सेठ म्हणाला, पंडितजींनी सांगितलंय, ही शनीची आहे, काढायची नाही. दादूसने पात्याकडे बोट केलं. "यो शनीचा बाप हाय." सेठ निमूटपणे बाहेर जाऊन उभा राहिला आणि पुढची कित्येक वर्षं लाकूड आमच्याकडूनच कापून नेत राहिला, दर वेळी फाटकाबाहेर उभा राहून.

गेल्या वर्षी दादूस गेला. घरात बायका रडत होत्या, आणि मी, आता सांगायला हरकत नाही, आधी त्याचे हात बघितले. छातीवर ठेवलेले. दहाच्या दहा. जन्मभर गोल करवतीच्या शेजारी उभं राहिलेल्या माणसाचे इतके धड हात मी दुसरे पाहिले नाहीत. मला रडू नंतर आलं. आधी अभिमान वाटला.

दादूस आमच्या आगरी बोलीत मोठ्या भावाला म्हणतात. मोठ्या भावाला आम्ही अहोजाहो करत नाही, म्हणून इथेही 'तो' असंच लिहितेय. वाचणाऱ्याने गैरसमज करून घेऊ नये. मान कमी नव्हता, उलट गावात त्याच्याएवढा मान मी फार कमी लोकांना दिला.

तो आमच्या शिरवणे गावचाच. नवं शहर वसवायला शेती गेली तेव्हा पोरं कारखान्यांत शिरली, हा लाकडाच्या वखारीत शिरला. ओंडके ढकलता ढकलता करवतीवर उभा राहिला. पुढे वखारवाल्याने पट्टीची नवी करवत आणली आणि जुना गोल करवतीचा बेंच भंगारात काढायला निघाला, तेव्हा दादूसने तो मागून घेतला, आणि गावाच्या कडेला पत्र्याची शेड टाकून स्वतःची गिरण चालू केली. छातीएवढ्या उंचीचं ते पातं, खाली रूळ, रुळावर ट्रॉली, ट्रॉलीवर ओंडका. लोक म्हणायचे, दादूस, आता हे कोण वापरतो? पट्टीची घे, भुसा कमी पडतो, लाकूड वाचतं.

"ती पट्टी सापासारखी वलवलते," तो म्हणायचा. "माजं पातं बघ. जिथं हाय तिथंच फिरतंय. आनि भुसा कमी परला तं आमची भुसेवाली काय खाईल?"

हे त्याने गमतीत म्हटलेलं. पण माझ्या मनात ते बसलं.

न्हावा शेव्याच्या बंदरातून ओंडके यायचे, कुठल्या कुठल्या देशांतले. टोकांना रंगाचे शिक्के, कुठला लाल, कुठला काळा, अंगाला वेगळीच माती. आलेला ओंडका दादूस त्या दिवशी कापायचा नाही म्हणजे नाही. "परवासातून आयलाय. पाय टेकू दे त्याला." गिऱ्हाईक कितीही घाई करो. मग चहाचा ग्लास घेऊन त्याच्याभोवती फिरायचा, पहारीने टकटक करून कान लावायचा, आणि शेवटी कापलेल्या टोकाला जीभ लावायचा. मला शिसारी यायची. "अरे, काय काय औषध मारलेलं असल त्याच्यावर!" तो थुंकायचा आणि म्हणायचा, "खारट हाय. कवातरी दर्यात परलेलं." कोणी ओंडक्यावर बसलेलं त्याला चालायचं नाही. का, ते कधी सांगितलं नाही. एकदा एक इन्कम टॅक्सवाला की कोणीतरी साहेब बसला होता, त्यालाही उठवलं. "खुर्ची हाय ना."

भुसा ओळखायला मला त्यानेच शिकवलं. सागाचा भुसा तेलकट, हाताला चिकटतो. बाभळीचा कोरडा, नाकात जातो. दोन झाडांचा भुसा एका गोणीत भरलेला त्याला खपायचा नाही. एका परदेशी लाकडाचा पिवळा भुसा मी कोंबडीवाल्याला द्यायला निघाले, तर धावत आला आणि गोणी खाली ओढली. "यानी कोंबरी शिंकते!" मी हसले. पण दोन दिवस त्या भुशात मीच शिंकत होते, तेव्हा कोंबडीची काय कथा.

जन्मभर त्या आवाजात राहून दादूसचा उजवा कान गेलेला आणि डावा अर्धा. त्यामुळे बोलणं म्हणजे ओरडणं. लग्नात नवरा-नवरीला आशीर्वाद दिला तर बँडवाले थांबायचे. एकदा एका आजाऱ्याला बघायला आम्ही हॉस्पिटलात गेलो. नर्सने ओठांवर बोट ठेवलं. याने समजूतदारपणे मान डोलावली, माझ्या कानाशी वाकला आणि कुजबुजला, "याचं काय खरं दिसत नाय गो." सगळा वॉर्ड उठून बसला. आजारीसुद्धा. तो बरा झाला, हे देवाचे उपकार.

माणसांचं ऐकू यायचं नाही, पण पात्याचं सगळं ऐकू यायचं. ओंडका अर्धा कापून झाला की हात वर करून थांबवायचा, मागच्या चिरेत पाचर ठोकायचा आणि म्हणायचा, "पातं घुसमटलेलं." आम्हाला काही फरक कळायचा नाही.

फाटकावर वॉचमन होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. उरणकडचे, आमच्याच बाजूचे मुसलमान. एका डोळ्याने अधू. तरुणपणी ते आणि दादूस जुन्या वखारीत जोडीने काम करायचे, दादूस एका टोकाला, चाचा दुसऱ्या. कुणाच्या तरी परसातला आंबा कापायला आला होता. आत कंदील टांगायचा खिळा, झाडाने केव्हाच गिळलेला. पात्याचा दात तुटला आणि उडाला तो चाचांच्या डोळ्यात. तो दात दादूसने फाटकाच्या खांबावर तारेने बांधून ठेवला होता, आणि फाटकाच्या आत चाचांची खुर्ची. तेव्हापासून 'दहा दाखवा', आणि तेव्हापासून अंगणातलं, रस्त्याकडेचं, देवळाजवळचं झाड दादूसने घेतलं नाही. जंगलातलं झाड चालेल, बंदरातलं चालेल. माणसाच्या शेजारी वाढलेलं झाड नको. "मानूस मोकल्या हातानी झाराशी जात नाय," म्हणायचा. "कायतरी ठोकतोच."

आणि वादळात आमची चिंच पडली.

इथे माझ्या घरचं थोडं सांगावं लागेल. माझं माहेर बंदराकडच्या गावात. लग्न होऊन शिरवण्यात आले, आणि मुलगा अंगावर पीत होता तेव्हा माझे मालक गेले. दिवस झाल्यावर भाऊ मला न्यायला आला. टेम्पो घेऊनच आला होता. माझी ट्रंक अंगणात चिंचेखाली काढलेली. सासूबाई ओटीवर बसलेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. जा नाही, राहा नाही. भावाने चहा घेतला, टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला, आणि मी ट्रंक उचलून परत आत नेली. का, ते भावालाही सांगता आलं नाही आणि मलाही. मग पोट चालवायला म्हणून दादूसच्या गिरणीतला भुसा उचलायला लागले. सासूबाई मुलाला सांभाळायच्या, मी गोण्या भरायचे. आमचं दोघींचं फार गोड होतं असं नाही. कालवणात मीठ कमी पडलं तर त्या ताट सरकवायच्या. पण तिसरं कोणी मला बोललं तर त्याची धडगत नव्हती.

तर त्या चिंचेखाली सासूबाईंचा सगळा दिवस जायचा. ती आडवी झाली आणि महापालिकेची माणसं मशीन घेऊन तुकडे करायला आली. सासूबाई जाऊन खोडावर बसल्या. "आंधी मना कापा." माणसं माझ्याकडे बघायला लागली. माझा मुलगा हात जोडून म्हणाला, "आजी, रस्ता अडलाय, लोकांना त्रास होतोय." त्या म्हणाल्या, "त्याला जालू नका. त्याचा झोपाला करा. मी त्याच्यावर बशीन आनि मंग मरीन." महापालिकेची माणसं फांद्या घेऊन, खोड आमच्या गळ्यात टाकून गेली.

मुलाने दोन गिरणींत फोन केले. अंगणातली चिंच म्हटल्यावर दोघांनी नाही सांगितलं. चिंचेचा गाभा म्हणजे दगड, आणि गावातली चिंच म्हणजे लोखंडाचं दुकान. आमच्याकडे चिंचेवर भूत असतं असं मानतात, आणि भुताला, दुखण्याला, नजरेला खिळा मारून झाडात बांधून ठेवतात. शिवाय कपड्यांच्या तारा, बोर्ड, पाळणे हे वेगळंच.

दादूसला विचारायची माझी हिंमत नव्हती. सासूबाईंनीच त्याला निरोप पाठवला. आला. दुरूनच ओरडला, "म्हातारे, अंगनातलं झार मी घेत नाय!"

"नको घेऊ," सासूबाई म्हणाल्या. "बस तं खरा. कंदमुलं उकरलीत."

तो बसला, उकडलेली कंदमुळं खाल्ली, आणि खोडाकडे बघत राहिला. चांगलं दोन माणसांच्या कवेत न मावणारं खोड. मला त्याचा चेहरा ओळखीचा होता. बंदरातून नवा ओंडका आला की असा व्हायचा. शेवटी उठला, खिशातून खडू काढला आणि मला म्हणाला, "सांग. या झारात काय काय ठोकलंस?"

"आता मना काय आठवतंय?"

"आठव. आठवशील तवा कापीन."

मग सुरू झालं. मुलाच्या पाळण्याचा हूक. नणंदेच्या लग्नातल्या मांडवाचे खिळे. गाईच्या साखळीची कडी. आठवेल तिथे दादूस पांढरा गोल काढायचा. गल्लीतले लोक जमले आणि ज्याला त्याला आठवायला लागलं. कबड्डीच्या संघाचा बोर्ड. निवडणुकीचा पत्रा. 'खोली भाड्याने देणे आहे'. शेजारच्या आत्याबाई पुढे आल्या आणि खाली बघत म्हणाल्या, "आमच्या यांनी पन एक मारलेला. तुमची चिंच आमच्या कौलांवर परायची म्हनून. सुकावी म्हनून."

सासूबाई कडाडल्या, "तरीच मेला तो खोकत र्‍हायला जन्मभर!"

संध्याकाळपर्यंत झाडाला देवी आल्यासारखे गोलच गोल झाले. दोन दिवस दादूस आणि त्याची माणसं छिन्नी-पकडीने खिळे उपटत होती. निघाले ते चहाच्या पातेल्यात जमले. मग त्याने खोडाच्या टोकाची एक चकती कापली, पाणी मारलं आणि मला हाक मारली.

चिंचेचा गाभा जुन्या गुळासारखा, काळपट तांबडा. पण त्यात एका बाजूला निळी-काळी रेघ उतरली होती, शाईची दौत सांडावी तशी.

"लोखंड हाय," दादूस म्हणाला. "आत. जुनं. झारानी गिललंय. याचा गोल आमी काढलेला नाय."

कुणालाच आठवेना. चाचांच्या भाच्याने मॉलमध्ये असते तसली पिंपिं करणारी दांडी आणली. ती दादूसच्या कमरेच्या पट्ट्यावर वाजली, आत्याबाईंच्या बांगड्यांवर वाजली, पण इतक्या जाड खोडाच्या पोटातलं तिला काही सापडेना. चाचा म्हणाले, "दादूस, सोर. यो आंब्यासारखाच निघंल." असं म्हणताना त्यांचा हात आपोआप त्या डोळ्याकडे गेला. दादूसनेही ते पाहिलं. मला वाटलं, संपलं. हे खोड आता पावसात कुजणार.

दादूस मात्र ओटीकडे बघत होता. "सगल्यांनी आपापलं सांगितलं," तो म्हणाला. "म्हातारी गप हाय."

खरंच की. दुसऱ्यांचे खिळे बाहेर पडताना एवढी बोलणारी बाई, तिने स्वतःचा एकही सांगितला नव्हता.

तो तिच्यासमोर जाऊन जमिनीवर बसला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू आत जा."

"मी का?"

"जा."

मी दाराआड गेले, आणि तिथून बघितलंच. सासूबाई त्याच्या उजव्या कानाशी वाकल्या. त्याने मान फिरवून डावा पुढे केला. बराच वेळ बोलल्या. तो नुसता मान हलवत होता. मग उठला आणि बाहेर येऊन मोठ्याने म्हणाला, "खिला काराचा नाय. लाकरासकट ठेवायचा. आनि मना कोनी काय इचारायचं नाय."

"कसला खिळा?" मी विचारलं.

"आत्ताच काय बोललो?"

सासूबाईंनी भिंतीशी उभं राहून, हातात हातोडी असल्यासारखा हात वर करून त्याला उंची दाखवली. दादूस म्हणाला, झाड शेंड्याला वाढतं, खिळा जिथे मारला तिथेच राहतो, वर चढत नाही. त्याने बुंध्यापासून सुतळीने माप घेतलं, दोन्हीकडे थोडं जास्तीचं धरलं, आणि खिळ्याचा तेवढा भाग बाजूला निघेल असे खोडाचे दोन तुकडे केले. मोठा तुकडा गिरणीत गेला.

कापायच्या दिवशी सासूबाई रिक्षाने आल्या. दादूसने त्यांची खुर्ची पात्याच्या रेषेपासून लांब, बाजूला ठेवली. त्याच्या नियमाप्रमाणे पात्यासमोर फक्त लाकूड उभं राहणार, माणूस नाही. सकाळी सगळ्यांनी हात वर केले, तेव्हा सासूबाईंनीही केले. संधिवाताने वाकलेली बोटं, पण दहा. दादूस त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. त्या दिवशी त्याने दुसऱ्या टोकाला कोणाला उभं केलं नाही. ट्रॉली दोरीने लांबून ओढायला लावली, आणि पात्याजवळ एकटा राहिला.

पातं चिंचेत शिरलं. असा आवाज मी आधी ऐकला नव्हता, कुणी दगडावर दगड घासतंय तसा. मी मागे खड्ड्यापाशी. भुसा पडायला लागला, बारीक, तांबडा, आंबूस वासाचा. एक फळी निघाली. दुसरी निघाली. सासूबाई पदराने डोळे टिपत होत्या. तिसऱ्या फळीला मी फावडं घातलं आणि भुसा करडा दिसला. वाटलं, सावली पडली असेल. मुठीत घेतला. करडा नाही, निळसर. चकतीवरच्या त्या रेघेचा रंग.

मी ओरडले. पात्याच्या त्या आवाजात माझंच मला ऐकू आलं नाही, दादूसला काय जाणार! दगड मारावा तर लागेल पात्याला. काही सुचलं नाही आणि मी शेडच्या कडेने पुढे धावले, त्याच्या नजरेसमोर येऊन दोन्ही हात वर केले. दहा बोटं फाकवून.

त्याने पाहिलं. मोटर चालू असताना कोणी हात दाखवत नाही. त्याने झटकन दोरी ओढणाऱ्यांना थांबवलं, ट्रॉली मागे घेतली, पट्टा सोडला. पातं बराच वेळ फिरत राहिलं आणि मग थांबलं. शेडमध्ये कावळ्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

मी मूठ उघडून त्याला भुसा दाखवला. त्याने छिन्नी घेतली आणि चिरेच्या पुढे लाकूड थोडं थोडं उडवलं. बोटभर पुढेच खिळ्याचं डोकं होतं. जाड, जुना, चौकोनी खिळा. त्याच्याभोवती लाकूड काळं पडलेलं.

"पन मी तं उंची बरोबर दाखवली!" सासूबाई म्हणाल्या.

दादूस त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग खाली बसून हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हातारे, तवा तू ताठ व्हतीस! आता वाकलीस! आनि मी बी ध्यानात घेतला नाय!" चाचा फाटकावरून धावत आले होते. त्यांना काय झालं ते कळल्यावर त्यांनी दादूसच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

संध्याकाळी दादूसने हातांची हजेरी घेतली. माझ्यासमोर येऊन थांबला आणि एवढंच म्हणाला, "तुजी दहा बगितली म्हनून माजी दहा र्‍हायली." हे त्याने हळू आवाजात म्हटलं असं त्याला वाटलं असणार. रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानेही ऐकलं.

खिळ्याचा तो ठोकळा त्याने यंत्राला न लावता हातकरवतीने वेगळा काढला, घासून गुळगुळीत केला आणि आमच्या घरी आणून दिला, खिळा आत तसाच ठेवून. फळ्यांचा झोपाळा झाला. सासूबाई त्यावर बसल्या. मरायचं मात्र विसरल्या. चार पावसाळे झोके घेतले, मीठ कमी पडलं की तिथूनच ओरडायच्या. ती चार वर्षं मी दादूसला किती वेळा विचारलं असेल! चहाला विचारलं, सणाला विचारलं, रागावून विचारलं. ज्याचं कुजबुजणं नाक्यावर ऐकू यायचं त्या माणसाने ही एक गोष्ट पोटातून ओठांवर येऊ दिली नाही. "ती हाय तवर नाय," एवढंच.

सासूबाई गेल्या. तेराव्याला दादूस जेवायला आला. पंगत उठल्यावर माझ्याजवळ येऊन ठोकळ्यावर बसला. ओंडक्यावर कोणाला बसू न देणारा माणूस, त्या ठोकळ्यावर बसला. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला खरोखर हळू बोलताना ऐकलं. मला वाकावं लागलं.

"तुजा भाव न्यायला आयलेला ना, टेम्पो घेऊन. त्याच्या आदल्या दिशी म्हातारीनी मारला. तुज्या लुगऱ्याचा दोरा खिल्याला गुंडाललेला. तू जाऊ नये म्हनून."

आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता.

"तोंडानी का नाय बोलली?" मी शेवटी म्हटलं.

"मी पन तेच इचारला. बोलली, तिनं 'नाय र्‍हात' सांगितलं असतं तं? खिल्याला 'नाय' म्हनता येत नाय."

मला तेव्हा वाईट वाटलं की बरं, ते अजून सांगता येणार नाही. एवढी वर्षं मी समजत होते, मी माझ्या हट्टाने राहिले. दादूसला ते चेहऱ्यावर दिसलं असेल. म्हणाला, "लोखंड ते लोखंड गो. त्यानी काय मानूस बांधतंय? तू र्‍हायलीस." मग ठोकळ्यावर टकटक करून, सवयीने कान लावून, म्हणाला, "आता ती नाय. तू बोलशील तं कारतो. दोन घावांचं काम."

मी नको म्हटलं.

आता गिरण नाही. शेडच्या जागी गाड्यांचं शोरूम झालंय. चाचा भाच्याकडे राहायला गेले. दादूस गेला. त्या ठोकळ्यावर मी रोज बसते, जवळा निवडते, नातीची वेणी घालते. मुलगा परवा म्हणाला, "आई, पॉलिश करून घेऊ आणि आतला तो गंज काढून टाकू, सुतार आलाच आहे."

मी म्हटलं, "हात लावू नको. काढलास आणि मी निघाले माहेरी, तर जाऊ कुठे? तिथे आता कंटेनर उभे आहेत."

तो हसला. सुतारही हसला. मी सुताराचे हात बघितले. डाव्या हाताला एक बोट कमी होतं.

"बस जरा," मी म्हटलं, "चहा घे." आणि त्याला दादूसची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागले.